आमच्या आयसीयूतले हात

आमच्या आयसीयूच्या दारात एक लोखंडी रॅक आहे आणि त्यावर निळ्या रबरी चपलांचे बारा-पंधरा जोड. आत येणाऱ्याने आपली पायताणं बाहेर काढायची आणि यातला एक जोड पायात सरकवायचा, असा नियम. डॉक्टर घालतात, आम्ही सिस्टर घालतो, पोछा मारणारी मावशी घालते, आणि पेशंटचा कुठून कुठून आलेला मावसमेव्हणाही त्याच घालतो. या चपला कायम ओल्या असतात. का ओल्या, ते बावीस वर्षांच्या नोकरीत मला कळलेलं नाही. पू, उलटी, सडलेल्या जखमेचा वास यांचं मला काही वाटत नाही, ते रोजचं काम. पण त्या चपलेत पाय घातल्यावर तळव्याला जे गार, बुळबुळीत लागतं त्याची अजून शिसारी येते. धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पाय न ठेवता मला दोनदा पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या, त्या याच चपलांनी.

त्याहून जास्त किळस येते ती चपला बदलल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर दिसणाऱ्या समाधानाची. झालं, आपण स्वच्छ झालो! एकदा पायांची सोय लागली की हातांकडे कोणी बघत नाही. हात धुवायचं बेसिन दाराला लागूनच आहे, पण दुपारपर्यंत त्यात चहाचे कप साठतात आणि चोथ्याने जाळी तुंबते. प्रत्येक खाटेला सॅनिटायझरची बाटली टांगलेली आहे. तपासणीला कोणी येणार असेल त्या दिवशी ती भरतात, एरवी दाबली की नुसती हवा निघते. आमचे मोठे डॉक्टर राउंडला येतात तेव्हा एक नंबरच्या खाटेपासून सहा नंबरपर्यंत पोटं दाबत, पापण्या उलटवत जातात आणि मधे एकदाही हात धूत नाहीत. त्यांच्यामागून फाइली घेऊन मी चालते. डॉक्टरला हात धुवा म्हणणारी सिस्टर मी पाहिलेली नाही, आणि ती आपण व्हावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत माझी आई या आयसीयूत आली. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळच्या पुढे. घरची दोन एकर धानाची जमीन आहे आणि पासष्टीतही आई रोवण्याला स्वतः उतरायची. तिच्या शेजारी, रांगेत, माझी मोठी माय, म्हणजे थोरल्या काकांची बायको. लग्न होऊन आल्यापासून दोघींनी कधी वेगळ्या रांगेत रोवणा केला नाही. त्या वर्षी आईच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. सगळ्यांनाच होतात, मेंदी लावायची आणि पुन्हा चिखलात उतरायचं. चौथ्या दिवशी तिचा पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजला, अंगात थंडी भरली आणि ती काहीच्या काही बोलायला लागली.

भाऊ म्हणाला, सरळ नागपूरला नेऊ. मी त्याला फोनवरच झापलं. मी इथे बावीस वर्षं आयसीयू सांभाळते आणि माझ्या आईला परक्यांच्या हाती देऊ? माझ्या डोळ्यांसमोर राहील, माझ्या हाताखाली राहील, असं मी म्हणाले. घरात माझं शिक्षण सगळ्यांत जास्त, त्यामुळे माझ्यापुढे कोणी बोलत नाही. गाडी भंडाऱ्यातच, आमच्या दवाखान्यात थांबली.

आई तीन नंबरच्या खाटेवर होती. पायातला जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता, बीपी लागत नव्हता. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घातली, बीपी टिकवणारं औषध पंपावर सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस काढले तर निघेल. दोन दिवस तिने काढले. चौथ्या दिवशी सूज उतरायला लागली, लघवी नीट झाली, तिने मला ओळखलं आणि वेणी घालून दे म्हणाली. मी भावाला फोन करून सांगितलं, पाहिलंस? खरं तर मला माझीच पाठ थोपटायची होती.

त्याच दिवशी गाव भेटायला आलं. आमच्याकडे दवाखान्यातल्या माणसाला भेटायला न जाणं म्हणजे दावा मांडण्यासारखं. काळी-पिवळी जीप करून अकरा जण आले, पुढे मोठी माय. भेटीची वेळ पाच ते सहा. मी बेसिनमधले कप आधीच उचलले होते, जाळी खरवडून काढली होती, घरून आणलेला नवा साबण ठेवला होता. बावीस वर्षांत दुसऱ्या कोणाच्या आईसाठी मी हे केलं नव्हतं.

मोठी माय वयाने सत्तरीची. तिने चपला काढल्या, त्या निळ्या घातल्या आणि आत निघाली. मी तिला अडवून म्हणाले, आधी हात धू.

"चपला तं काढल्या न बाई," ती म्हणाली. "हात कायले?"

मी घाईत होते. म्हणाले, आईच्या अंगात ताकद नाही, आपल्या हाताची घाण तिला बाधेल. शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की चुकलं. मोठ्या मायने माझ्याकडे पाहिलं नाही, आत पाहिलं. दोन नंबरच्या खाटेजवळ वरच्या जातीच्या घराण्यातली माणसं उभी होती. आत्ताच, तिच्या डोळ्यांदेखत, ती माणसं नुसत्या चपला बदलून आत गेली होती. त्यांना मी हात धुवायला सांगितलं नव्हतं. कोणालाच मी कधी सांगत नसे.

"त्यायले नाही म्हटलं तू," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "लहानपणी आमच्या ओंजळीत वरून पाणी टाकत होते लोक. भांड्याले हात लागू देत नव्हते. आता घरचीच पोरगी म्हणते, हात धुऊन शिव."

मी नर्सिंग शिकले ते या बाईने आणि माझ्या आईने दुसऱ्यांच्या बांध्यांत केलेल्या रोवण्याच्या मजुरीवर. मला तिला सांगायला हवं होतं की हा विटाळ नाही, विज्ञान आहे, आणि त्या दोन नंबरवाल्यांनाही बाहेर काढून हात धुवायला लावायला हवं होतं. त्यात दोन मिनिटं गेली असती. पण त्या माणसांना हात धुवा म्हणायची मला भीड वाटली आणि हिला म्हणायची लाज. म्हणाले, जा, तशीच जा.

दोघं-दोघं करून सगळे आत गेले. मोठी माय आईचा हात दोन्ही हातांत धरून बसली. आईने डोळे उघडून पहिलं विचारलं ते, रोवणा झाला का? दोन बांध्या राहिल्या तुझ्यासाठी, मोठी माय म्हणाली. आई हसली. मी लांबून पाहत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते.

तेवढ्यात दोन नंबरचा पेशंट घरघरायला लागला. तो जवाहरनगरला राहणारा एक निवृत्त म्हातारा. तीन आठवड्यांपासून त्याच्या घशात नळी होती आणि तिच्यातल्या जंतूंवर जवळजवळ कुठलंच औषध चालत नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. त्याच्या फाइलवर लाल स्टिकर लावलं होतं, बस, तेवढीच सावधगिरी. मी हातमोजे चढवले आणि त्याच्या नळीतला कफ ओढून काढायला लागले. पिवळा-हिरवा, घट्ट, कुजकट वासाचा कफ होता. अर्धा काढला असेल, तर मागून आईचा पंप वाजायला लागला. बीपीचं औषध संपत आलं होतं. ते थांबलं की बीपी कोसळतो. मी धावले. सिरिंज बदलली, मानेतल्या नळीचं तोंड उघडून नवी जोडणी केली, घट्ट बसली का ते बोटाने चाचपलं. मग परत येऊन म्हाताऱ्याचा राहिलेला कफ काढला.

हातमोजे तेच होते. आमच्याकडे हातमोजे पेशंटसाठी घालत नाहीत, स्वतःला घाण लागू नये म्हणून घालतात. काम झाल्यावर मी ते काढून टाकले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, कारण मला डबा खायचा होता.

सहाव्या दिवशी दुपारी आईला पुन्हा थंडी भरून आली. पाय तर बरा दिसत होता, पण बीपी घसरला. रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा तो आधी माझ्या हातात पडला. जंतूचं नाव वाचलं, खाली औषधांची यादी पाहिली. जवळजवळ प्रत्येक औषधापुढे एकच अक्षर, आर, म्हणजे चालत नाही. मी दोन नंबरची फाइल काढून त्यातला रिपोर्ट शेजारी ठेवला. नाव तेच, यादी तीच. एकाच औषधापुढे अक्षर वेगळं होतं, दोन्ही कागदांवर तेच औषध.

डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, हे आपलंच आहे. मग शेवटचं म्हणून राखून ठेवतात ते किडनी खाणारं औषध लिहून दिलं आणि नातेवाइकांना तुम्हीच समजावा म्हणाले. नातेवाईक मीच होते. तरी बाहेर बाकावर भाऊ बसला होता, त्याच्याकडे गेले. त्याने साधं विचारलं, पाय बरा होता, मग आता हे कशानं झालं?

अशा वेळी सांगायची आमची दोन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं, इन्फेक्शन रक्तात पसरलं, जणू ते आपल्या पायाने चालत आलं. दुसरं, भेटायला फार गर्दी होते, त्यातून होतं. ही वाक्यं मी कितीतरी बायांना, पोरांना, बापांना सांगितली आहेत आणि त्यांनी मान हलवून ऐकली आहेत. त्या दिवशी भावासमोर दुसरं वाक्य माझ्या तोंडून आपोआप आलं. मी अडखळलेसुद्धा नाही. आज आठवलं की स्वतःच्या तोंडाची ओकारी येते.

त्याला मी तिथेच थांबवून खरं सांगू शकत होते. गावच्या हातांवर हा जंतू नसतो. तो आमच्या खाटांवर, नळ्यांवर, आमच्या हातांवर वाढतो. मोठ्या मायच्या हातांना फार तर माती असेल, आणि त्या हातांनी आईच्या मानेतल्या नळीला स्पर्शही केला नव्हता. डॉक्टरांच्या हातांनी आणला असेल, मावशीच्या फडक्याने आणला असेल, असं मी पुढे अनेकदा स्वतःला समजावलं. पण पंप वाजला तेव्हा कोण धावलं होतं, ते मला ठाऊक आहे.

आई अकराव्या दिवशी गेली. किडन्या आधी थांबल्या, मग बाकीचं. केस पेपरवर कारण लिहिलं पायाचा जंतुसंसर्ग आणि त्याची गुंतागुंत. सही डॉक्टरांची, पण कागद मी भरला.

गावी पोचलो तेव्हा अंगण भरलेलं होतं. आईला अंघोळ घालून पांढऱ्या कापडात ठेवायचं होतं आणि सगळ्यांत मोठी म्हणून पहिला हात मोठ्या मायने लावायचा होता. ती कुठे दिसेना. मग कोणीतरी म्हणालं, ती केव्हाची हातपंपावर आहे. भेटायला आलेल्या गर्दीतून झालं, हे माझं वाक्य भावाकडून गावात माझ्या आधी पोचलं होतं.

ती आली ती दोन्ही हात पुढे, वर धरून, कशाला लागू नयेत म्हणून. कोपरांवरून पाणी गळत होतं. धुण्याच्या साबणाने घासून घासून कातडी पांढुरकी पडली होती. आईच्या डोक्याशी मी बसले होते, माझ्यासमोर येऊन ती थांबली.

"बाई, दोनदा धुतले," ती म्हणाली. "आता शिवू का तिले?"

सगळ्या बाया ऐकत होत्या. भाऊ दारात उभा होता. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की मोठी माय, तुझ्या हातानं काही झालं नाही, माझ्या हातानं झालं.

मी म्हणाले, "शिव." आणि जागा करून देण्यासाठी बाजूला सरकले. तिने वाकून आईच्या कपाळाला नुसती बोटांची टोकं लावली आणि लगेच हात मागे घेतला.