वाट बघणाऱ्यांच्या नावानं

"पत्रात काय लिहिलंय ते मागाहून. वाट कोण बघतंय ते आधी सांग."

कॉलेजच्या ऑफिसात मी रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात काकांनी मला हे ऐकवलं, आणि पुढे दर आठवड्याला ऐकवत राहिले. तेव्हा त्यांचा उजवा हात कीबोर्डवर असायचा आणि डावा चष्म्याच्या दांडीवर. माऊस त्यांनी कधीच खणात टाकून दिला होता.

ऑफिस त्यांना बाबूजी म्हणे. मी काका म्हणायचे, कारण झाशीतल्या मराठी घरांत सगळे एकमेकांचे कुणीतरी लागतात, आणि लागत नसले तर लावून घेतात. त्यांचं घर लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या बाजूला, पाच-सहा पिढ्यांचं. एकदा लग्नाला पुण्याला गेले तर तिथल्या दुकानदारानं त्यांचं मराठी ऐकून हिंदीत उत्तर दिलं. हे ते हसून सांगत, पण वारंवार सांगत.

ईमेल आपण सगळेच बघतो. रंगीत पडदा, जाहिराती, न वाचलेल्या पत्रांचा ढीग. काकांचा पडदा काळा कुळकुळीत. त्यावर पांढऱ्या ओळी, एक ओळ म्हणजे एक पत्र. जुन्या कॉम्प्युटर मास्तरांनी बसवून दिलेला तो प्रोग्रॅम. एक बटण दाबलं की तो खाली विचारी, कुठे ठेवू? आणि पाठवणाऱ्याच्या नावाचा फोल्डर आपणहून सुचवी. काका ते नाव खोडत आणि ज्याचं काम अडलंय त्याचं टाइप करत. ‘परीक्षा’, ‘प्रवेश’, ‘इतर’ असले फोल्डर त्यांना चालत नसत.

"इतर नावाचा माणूस तू पाहिलायस कधी?"

संध्याकाळी इनबॉक्स रिकामा झाल्याशिवाय स्वारी उठत नसे. तोवर माझी प्रेम नगरची रिक्षा निघून जाई. मी चिडायचे. "एक चिट्ठी हरवली नाही माझ्याकडून इतक्या वर्षांत," असं म्हणत ते शांतपणे कॉम्प्युटरवर कापड झाकत.

मग ती मऊरानीपुरची मुलगी आली. तिच्या परीक्षेच्या प्रवेशपत्रावर विषय चुकीचा छापला होता. दुरुस्तीचा अर्ज मुदतीत ईमेलनं पाठवलाय, असं ती म्हणत होती. काकांनी तिच्या नावाचा फोल्डर शोधला. नव्हताच.

"बेटा, तुमने भेजा ही नहीं," त्यांनी ठामपणे सांगितलं.

तिचे वडील मागे उभे होते. मंडीत धान्याची पोती उचलणारा माणूस. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चलो. हो गई पढ़ाई." खोटं बोलणाऱ्या मुलीला रोज बसनं झाशीला पाठवायला ते तयार नव्हते. ती नुसती रडत गेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांचा डबा तसाच बंद होता. पडद्यावर मऊरानीपुरच्या एका दुकानाचा फोल्डर उघडा होता. फॉर्म भरून देणारं दुकान. तिथल्या मुलांचे अर्ज दुकानाच्याच पत्त्यावरून येत. त्या फोल्डरात दुकानाच्या जाहिराती, दिवाळीच्या शुभेच्छा, आणि मधेच त्या मुलीचा अर्ज, मुदतीच्या चार दिवस आधीचा. प्रोग्रॅमनं दुकानाचं नाव सुचवलं होतं आणि काकांनी ते न खोडता एंटर दाबलं होतं.

मी दार लोटून घेतलं. "काका, आजच आला म्हणून सांगा. सर्व्हरची गडबड म्हणा. तिचंही काम होईल."

मला काकांची काळजी होती. ते दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि एक वर्षाची मुदतवाढ जवळपास ठरली होती. काकू गेल्यापासून मुलगा त्यांना पुण्याला बोलावत होता. त्याला नाही म्हणायला काकांकडे नोकरी हे एकच कारण होतं. "अरे, सोडत नाहीत ना मला," असं ते फोनवर सांगत, तेव्हा आवाजात आनंद मावत नसे.

"आज आला म्हटलं तर तिनं आज पाठवला असं होईल," ते म्हणाले. "बाप तिला खोटीच समजणार."

त्यांनी प्राचार्यांना लिहून दिलं, अर्ज वेळेत आला होता, चूक माझी. मग छापील प्रत खिशात घालून मऊरानीपुरची बस पकडली. मीही गेले. या माणसाला एकटं सोडवेना.

मंडीत वडील सापडले. काका त्यांच्यापुढे उभे राहिले. "भैया, बिटिया झूठ नईं बोली. गलती हमाई है."

वडिलांनी हात पुसून कागद घेतला, न वाचताच त्याची घडी केली. "घरे चलो. बिटिया से आपई कह दो."

काकांनी घरी जाऊन तिलाही सांगितलं. तिनं योग्य विषयाचा पेपर दिला.

मुदतवाढ नाकारल्याचं पत्र ऑफिसच्याच इनबॉक्समध्ये आलं, म्हणजे सगळ्यांआधी काकांनीच वाचलं. ‘निष्काळजीपणा’ असा शब्द होता त्यात. त्यांनी पोच दिली आणि पत्र फोल्डरात टाकलं.

"कुठे ठेवलंत?" मी विचारलं.

"मुलाच्या नावानं. तोच बघत होता ना वाट."

मला त्यांचा फार राग आला, आणि आपल्याला असं वागता आलं नसतं म्हणून स्वतःचाही. त्या उन्हाळ्यात काकांच्या घराला कुलूप लागलं.

निकालानंतर ती मुलगी आणि तिचे वडील पेढे घेऊन आले. बाबूजी कुठे म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, पुण्याला गेले, मुलाकडे, आता तिकडेच राहतील.

"अच्छा," वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "अपने देस चले गए."

"देस तो यही था," मी म्हणाले.