काकूंच्या नाकासमोरचा लेझर

"मशीन इथंच बसंल, कठड्यावरच. काकूले म्हण, कुरड्या खाली वाळव म्हणा," आमचे साहेब ओरडून राहिले होते. आवाज असा, की मनीषनगरातली कबुतरं उडाली ती थेट पारशिवनीला जाऊन टेकली असतील. सकाळचे साडेसहा. तीन मजली इमारतीच्या छतावर पाय ठेवायला जागा नाही. जुन्या साड्यांवर कुरड्या, पापड, मुंगवड्या, आणि मधोमध स्टुलावर वरच्या मजल्यावरच्या काकू, हातात सोऱ्या.

मी मशीन बसवणारा. हिंगण्याच्या एका कारखान्याचं ऑफिस या इमारतीत आणि गोदाम रुळांच्या पलीकडे. रुळांखालून तार न्यायची परवानगी मिळता मिळेना, म्हणून लेझर. या छतावरून त्या छतावर किरण सोडायचा, त्यातूनच सगळे निरोप जातात. किरण दिसत नाही, तीच गोची. झगझगीत उजेडापुढे डोळा आपसूक मिटतो, याच्यापुढे मिटत नाही. आमची मशीन जोराची. भिंगाशी डोळा नेला तर आतला पडदा भाजून निघेल आणि माणसाला पत्ताही लागणार नाही. म्हणून ती माणसाच्या डोक्याच्या वर, हात पोचणार नाही अशा जागी बसवायची असते.

आणि साहेबांनी जागा पाहिली कधी, तर मे महिन्यात दुपारी एक वाजता. नागपुरात त्या वेळी छतावर माणूस शोधणं म्हणजे तव्यावर बर्फ शोधणं. मी स्वतः एक कावळा कूलरच्या पाण्यात पाय सोडून बसलेला पाहिलाय. पटत नसेल तर कावळ्याला विचारा. साहेबांनी जिन्यातूनच मुंडी बाहेर काढली, आत घेतली, आणि अहवालात लिहिलं: छतावर माणसांची ये-जा नाही. उन्हाळाभर बायका दिवस उगवायच्या आधी वर चढतात आणि ऊन तापायच्या आत वाळवण घालून मोकळ्या होतात, हे इथंच जन्मलेल्या माणसाला ठाऊक नसावं? त्यांच्या आईनं काय फ्रीजमध्ये वाळवल्या कुरड्या?

कठड्यावरच्या मशीनचं भिंग स्टुलावर बसलेल्या काकूंच्या बरोब्बर नाकासमोर येत होतं.

"यातून काय दिसते गा बापू?" काकू म्हणाल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी भिंगाला डोळा लावलासुद्धा. मशीन बंद होती म्हणून वाचल्या. माझं मात्र टाळकं असं तापलं की त्यावर पापड भाजून निघाले असते.

"साहेब, मी चालू करतो. तुम्ही काकूंच्या जागेवर बसा आन् पाहा आत."

"मी काहून बसू?"

"धोका नाही म्हणून राहिले न तुम्ही."

काकू उठल्या. पदरानं स्टूल पुसलं आणि साहेबांपुढे सरकवलं. "बसा न बाप्पा. आमी तं रोजच बसतो."

साहेब बसले नाहीत. रुमालानं मान पुसली, कुरड्यांकडे पाहिलं, आणि लांब पाइप लावून मशीन जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर चढवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत चढवली. तिथवर काकूच काय, माझा तो कावळाही जात नाही.

राग मात्र उतरेना. खाली साहेब गाडीला किक मारत होते, तिथं त्यांना गाठलं. म्हटलं, "बायका वर चढतात हे तुमाले माहीत होतं न? मग अहवाल तसा काहून लिहिला?"

"अहवालाखाली सही तुझीच राहणार होती," साहेब म्हणाले.