पाँटवेर्नची वऱ्हाडीण

तेग्वेन बेब ही बाई जेवताना शेजारच्याकडे मीठसुद्धा मागायची नाही. बरणी जवळ असली तर उठून घ्यायची, नाहीतर अळणी खायची. न्यूकॅसलच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी उभा जन्म काढला, ती लापशीच्या पातेल्यावर आणि मी भाज्यांवर. तेवढ्या वर्षांत तिने कधी जादा सुट्टी मागितली नाही, की जड पातेलं उतरवायला कोणाला हाक मारली नाही. मी तिच्या अगदी उलट. मला काही हवं असलं की ते सगळ्या मजल्याला कळतं.

ती मूळची वेल्सच्या डोंगरातली, पाँटवेर्न गावची. तरुणपणी नोकरीसाठी आमच्याकडे आली आणि राहिली. लग्न केलं नाही. गावात तिची धाकटी बहीण होती, नेरिस. नेरिसला मुलगी झाली, मॅबली, आणि पोर शाळेत जायच्या आत नेरिस आणि तिचा नवरा दोघंही गेले. मॅबली आजोबांकडे वाढली, पण शाळेची सुट्टी लागली की ती न्यूकॅसलला मावशीकडे. ओट्याशेजारी स्टुलावर उभी राहून लापशी ढवळायची, मला एव्हरिलमावशी म्हणायची आणि माझी गाजरं पळवायची. पुढे आजोबाही गेले. मग तेग्वेनचं गावी जाणं जवळजवळ थांबलंच.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तेग्वेन माझ्या दारात येऊन उभी राहिली. कोट उलटा घातलेला.

"मॅबलीचं लग्न ठरलं," ती म्हणाली.

"अगं मग रडतेस कशाला?"

"ती म्हणते, बाबा नाहीत, आजोबा नाहीत, तर मावशी, मला हाताला धरून चॅपलमध्ये तू ने." तिने नाक पुसलं. "एव्हरिल, मी कोण तिथली? मला तिकडे ओळखतं कोण आता?"

"मॅबली ओळखते ना? झालं तर," मी म्हटलं आणि तिला आत ओढून चहा दिला. त्या आठवड्यात तिची लापशी दोनदा करपली. पेशंटांनी तक्रार केली नाही, मी केली.

लग्न दोन वाजता होतं, आणि एक अडचण होती. पाँटवेर्नच्या पाळकांकडे पाच गावांची चॅपलं, म्हणजे छोटी चर्चं. त्याच दुपारी पलीकडच्या खोऱ्यात त्यांना एका म्हाताऱ्याचा दफनविधी करायचा होता. त्यामुळे लग्न वेळेवर लागलंच पाहिजे, आणि मावशी पोचली नाही तर नवऱ्याचा काका मॅबलीला आत नेईल, असं ठरलेलं. हा काका तेग्वेनने कधी पाहिलेला नव्हता, पण तिला तो आधीपासूनच आवडत नव्हता.

आम्ही पहाटेची गाडी धरली. मँचेस्टरला बदलली, श्रूजबरीला बदलली आणि शेवटी त्या एक डब्याच्या गाडीत बसलो. माझ्या मांडीवर टोपीचा खोका, तिच्या मांडीवर तिने स्वतः भाजलेला मनुकांचा केक. खिडकीतून डोंगर दिसायला लागले तशी एरवी घुमी असलेली ही बाई बोलायलाच लागली. हे कोणाचं कुरण, तो ओढा कुठे जातो, त्या पुलावरून कोण पडलं होतं. मी हो हो करत सँडविच खाल्लं.

मग माझी नजर दारावरच्या पाटीकडे गेली. छोट्या स्टेशनांवर उतरायचं असेल तर गार्डला सांगून ठेवा, नाहीतर गाडी थांबणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. स्टेशनांच्या यादीत पाँटवेर्न होतं.

"गार्डला सांगून येते," मी उठले.

"बस खाली."

"अगं, सांगितल्याशिवाय थांबत नाही म्हणतात."

"ते तुझ्यासारख्या बाहेरच्यांसाठी," तेग्वेन म्हणाली. "आम्ही जन्मात कधी सांगितलं नाही. बेबांची माणसं गाडीत आहेत म्हटलं की पाँटवेर्न आलंच. मला माझ्याच गावाची गाडी शिकवू नकोस."

तिच्या आवाजात पहिल्यांदाच असा तोरा ऐकला, म्हणून मी बसले. आयुष्यात एकदा मी तिचं ऐकलं, तेही नको तिथे.

पाँटवेर्न आलं. तेग्वेन केक छातीशी धरून दाराजवळ उभी राहिली. फलाटावर कोणी असतं आणि त्याने हात दाखवला असता तरी गाडी थांबली असती, पण सारं गाव लग्नाच्या गडबडीत. पाटी आली, फुलांच्या कुंड्या आल्या, आणि गाडीने वेग न सोडता सगळं मागे टाकलं. तेग्वेन दारापाशी तशीच उभी. तिचा चेहरा मला बघवेना.

"थांबवा!" मी ओरडले. "अहो, इथे नवरीची माणसं आहेत!"

गार्ड धावत आली. तरुण पोरगी, तिलाच रडू येईल असं वाटलं. "आजी, मला सांगायचं ना हो. आता मागे नेता येत नाही. पुढच्याला नक्की उतरवते."

"तुझी काही चूक नाही, बाळा," तेग्वेन म्हणाली आणि मटकन सीटवर बसली. "परतीची गाडी संध्याकाळी आहे. तो काका नेईल तिला."

समोरच्या बाकावर एक दणकट म्हातारा मघापासून पेंगत होता. मेंढ्यांच्या बाजारातून परतत असावा, वास तसाच येत होता. त्याने एक डोळा उघडला.

"कुठल्या घरच्या तुम्ही?"

"कायग्लास," ती पुटपुटली. ते तिच्या बापाच्या शेताचं नाव.

त्याने दुसराही डोळा उघडला. "कायग्लासची तेग्वेन? लापशीवाली? अहो बाई, मॅबलीने तुमच्या स्वयंपाकघराच्या गोष्टी सांगून सगळ्या खोऱ्याला पिडलंय! ती गाजरंवाली कोण मग, ही का?"

"मीच," मी म्हटलं. "आता गोष्टी पुरे. तुमच्याकडे गाडी आहे का?"

"बायको येतेय घ्यायला." त्याने फोन काढला. त्याचं नाव मैरिग. डोंगराच्या आडोशाने फोन दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला. तो वेल्शमध्ये कोणावर तरी खेकसला, मग हसला. "गावात निरोप दिलाय. बघू काय करतात."

पुढच्या स्टेशनवर गार्डने स्वतः आमच्या पिशव्या उतरवल्या. बाहेर मैरिगची बायको डेलिथ जीप घेऊन उभी होती, मागे जाळीत दोन मेंढ्या. ऐकल्याबरोबर ती नवऱ्यावर डाफरली, "मग बघतोस काय? बस की!" पुढे डेलिथ आणि तेग्वेन, मागच्या सीटवर मैरिग, मी, टोपीचा खोका आणि माझ्या मांडीवर त्यांचा ओला कुत्रा. रस्ता एवढा अरुंद की दोन्हीकडची झुडपं काचांना घासत होती. तेग्वेन एकसारखी घड्याळ बघत होती. वाटेतच दोन वाजून गेले. तिने घड्याळ हाताने झाकून घेतलं.

"मागे वळवा हवं तर," ती हळूच म्हणाली. "कशाला तुम्हाला त्रास. आत नेलं असेल तिला."

"त्रास कसला डोंबलाचा," डेलिथ म्हणाली आणि गिअर टाकला.

चॅपलच्या अलीकडच्या वळणावर तिने करकचून ब्रेक मारला. पुढे रस्ताभर माणसं.

या भागात लग्नाच्या गाडीची वाट अडवतात. चार पोरं रस्त्यावर आडवा दोर धरतात आणि काहीतरी बक्षीस घेऊन सोडतात. घटकाभराची मजा. पण इथे दोर पोरांच्या हातात नव्हता. सगळं चॅपल रस्त्यावर उतरलं होतं. टोप्या घातलेल्या बायका, सूटबूटातले शेतकरी, चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, दुकानदार, सगळ्यांनी मिळून मेंढ्या बांधायचा एक लांबलचक दोर पकडला होता. दोराच्या पलीकडे समोरून आलेली, फुलं लावलेली मोटार, मोटारीबाहेर लालबुंद झालेला एक माणूस, तोच तो काका, आणि त्याच्या मागे पांढऱ्या पोशाखातली मॅबली, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

"अहो पाळकसाहेब, पुरे झाली आता थट्टा!" काका ओरडत होता. "नाणी दिली, बाटली दिली, आणखी काय हवंय? तुम्हालाच उशीर होतोय ना?"

दोराचं एक टोक स्वतः पाळक गेथिन यांनी मनगटाला गुंडाळलं होतं. "मी काय करू? रस्ता बंद आहे," ते शांतपणे म्हणाले. "आणि पलीकडच्या खोऱ्यात मी फोन केलाय. ते म्हणाले, तोवर आम्ही आणखी चार स्तोत्रं गातो. आमचा म्हातारा जन्मात कुठे वेळेवर गेला नाही."

तेवढ्यात मॅबलीने जीप पाहिली. "मावशी!" ती किंचाळली आणि पोशाख गुडघ्यापर्यंत उचलून दोराखालून वाकून पळत आली. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. मी कुत्र्याच्या केसांत तोंड लपवून मनसोक्त रडले. कोण कुठली मी, पण त्या गावाचे तेव्हा वाटले तेवढे उपकार मला कधी कोणाचे वाटले नाहीत.

"मावशी, चल," मॅबलीने तिचा हात आपल्या हातात गुंफला. दोर खाली आला.

पण तेग्वेन चॅपलकडे वळली नाही. ती दोराच्या एका टोकाला गेली आणि मॅबलीला बरोबर घेऊन एकेकापुढे उभी राहू लागली. प्रत्येकाचा हात हातात घ्यायची, तोंडाकडे निरखून बघायची, त्याच्या शेताचं नाव घ्यायची आणि म्हणायची, "आभारी आहे मी तुमची." कोणी तिच्या वर्गातलं निघालं, कोणी वर्गातल्यांची मुलं. नाव चुकलं की ती माणसं हसून बरोबर सांगत होती. ऑर्गनवाल्या बाईने तर तिला कवटाळूनच ठेवलं. काकाचाही हात तिने धरला, आणि तो बिचारा एकदम ओशाळला.

अर्धीच माणसं झाली होती. मॅबली तिच्या कानाशी वाकली. "मावशी, पुरे गं. आत नवरा कधीचा उभा आहे."

"उभा राहू दे की," तेग्वेन म्हणाली आणि पुढच्याचा हात हातात घेतला. "हे सगळे माझ्यासाठी थांबले, तर तो तुझ्यासाठी नाही थांबणार?"