चाहुलीचा रकाना

बोर्गहिल टेलिफोनवर चार शब्दांच्या वर कधी बोलली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ओस्लोपासून खूप उत्तरेला, आमच्या फ्योर्डच्या काठी, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या काठी, हवाई तळाच्या धावपट्टीपासून चार किलोमीटरवर तिची कोल्हेवाडी होती. कातड्यांसाठी पाळलेले चंदेरी कोल्हे. बापाने सुरू केलेली वाडी बापामागे ती एकटीने चालवत होती. १९७४ साली ती बावन्न वर्षांची होती. रुंद खांदे, लाल गाल, आणि हातांना कायम कॉड माशाचा वास. लग्न केलं नव्हतं. तळावरच्या टेलिफोन बोर्डावर बसणारा, डाव्या पायाने लंगडणारा एइलिफ, त्याने तिला तरुणपणी उन्हाळी शेकोटीपाशी मागणी घातली होती. ती म्हणाली होती, "कोल्ह्यांना विचारून सांगते." पंचवीस वर्षं झाली, कोल्ह्यांचं उत्तर आलं नव्हतं आणि एइलिफनेही दुसरीकडे कुठे विचारलं नव्हतं.

मी तेव्हा फिरत्या नाटक कंपनीत होतो. वसंतात दौरा संपला की शेजारच्या माझ्या घरी परत यायचो. एका एप्रिलात ती दारात येऊन उभी राहिली. "ओद्वार, तुझा आवाज मोठा आहे आणि तुला काम नाही. चल." कोल्हिणींना माणसाच्या आवाजाची सवय असली की त्या कमी बिथरतात, म्हणून मी पिंजऱ्यांच्या रांगांमधून फिरत त्यांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. असे कडक प्रेक्षक मला कुठल्याच गावात मिळाले नाहीत. नाही आवडलं तर सरळ पाठ फिरवून झोपायचे.

एप्रिल म्हणजे विणीचा हंगाम. कोल्हीण व्यालेली असते, पिल्लांचे डोळेही उघडलेले नसतात. अशा वेळी एकाएकी मोठा आवाज झाला की ती पिल्लू तोंडात धरते आणि त्याला लपवायला जागा शोधत पिंजऱ्यात गरगर फिरते. जागा तर कुठेच नसते. मग ठेवते, उचलते, पुन्हा ठेवते, पुन्हा उचलते, पिल्लाचा जीव जाईपर्यंत. रागाने नाही हो. वाचवता वाचवता मारते.

आणि आमच्याकडे आवाजाला तोटा नव्हता. पूर्वेकडून, देशाच्या वरच्या टोकाला वळसा घालून सोव्हिएत बॉम्बर यायचे. चार इंजिनांची, प्रत्येकावर दुहेरी पंखा असलेली ती अवाढव्य धुडं; पश्चिमेकडचे त्यांना अस्वल म्हणत. ती आमच्या हद्दीत शिरत नसत, हद्दीच्या कडेकडेने जात. ती रडारवर दिसली की आमच्या तळावरून दोन लढाऊ विमानं उठत, त्यांच्या पंखाला पंख लावून उडत, फोटो काढत, आणि ती माघारी वळेपर्यंत सोबत करत. गोळी कधी सुटली नाही. पण दर वेळी गावातली माणसं हातातलं काम थांबवून आभाळाकडे बघत आणि दोन्ही विमानं परत आल्याचा आवाज ऐकल्यावरच पुढच्या कामाला लागत.

सरावाची उड्डाणं तळवाले एप्रिलात समुद्रावरून नेत, बोर्गहिलच्या कोल्हिणींसाठी म्हणून. पण अस्वल आलं की आडवाट घ्यायला वेळ नसे. विमानं सरळ तिच्या छपरावरून जात.

हुकूम सुटल्यापासून विमान उडेपर्यंत चार मिनिटं. त्या चार मिनिटांच्या सुरुवातीला बोर्गहिलच्या स्वयंपाकघरातला फोन वाजे. ती उचले. पलीकडून एइलिफ म्हणे, "कॉफी ठेव." आणि बंद.

मग आम्ही दोघं धावत सुटायचो. पडवीत कॉडच्या डोक्यांच्या दोन बादल्या भरून ठेवलेल्या असत. एक रांग तिची, एक माझी. प्रत्येक पिंजऱ्यात एक डोकं. कोल्हिणीच्या जबड्यात माशाचं डोकं असलं की पिल्लू धरायला तोंडच रिकामं राहत नाही. विमानं डोक्यावरून किंचाळत जायची आणि एक्केचाळीस कोल्हिणी हाडं चावत बसायच्या. एवढीच युक्ती.

एइलिफने तो फोन करणं हा गुन्हा होता. विमानं उडायच्या आधी ती उडणार हे तळाबाहेर कळवणं म्हणजे तुरुंग. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणाच्याही तोंडून कधी निघालं नाही.

घात केला तो बोर्गहिलच्या टापटिपीने. ती विणीची वही लिहायची. कुठली कोल्हीण कधी व्याली, किती पिल्लं, किती गेली, का गेली. त्यातच तिने दोन रकाने आखले होते, 'चाहूल' आणि 'गोंगाट'. चाहूल दहा चौदा, गोंगाट दहा अठरा. सालोसाल. कोल्हेपालकांच्या संघाने त्या वहीला आदर्श वही म्हणून बक्षीस दिलं आणि कौतुकाने तिचं एक पान आपल्या पत्रिकेत छापलं. फोटोसकट.

पत्रिका कोल्हेवाले वाचतात असं आपण समजतो. ती आणखीही कोणीतरी वाचली.

एका मंगळवारी, दहाला पाच कमी असताना, अंगणात गाडी थांबली. मी कॉफी पीत होतो. आत आलेल्या माणसाचे बूट असे लखलखीत होते की अंगणातल्या वितळत्या बर्फाने ओशाळावं.

"नमस्कार बाई. मी कॅप्टन टुफ्ते. तळाच्या सुरक्षा विभागातून आलोय."

"बूट काढ," बोर्गहिल म्हणाली.

आमच्या उत्तरेत अहो-जाहो नाही, बिशप आला तरी अरे-तुरेच. हा माणूस ओस्लोच्या बाजूचा. क्षणभर थबकला, मग बूट काढून मोज्यांवर आत आला. डाव्या मोज्यातून अंगठा डोकावत होता.

त्याने टेबलावर पत्रिका ठेवली. "ही वही तुमची? आणा."

तिने आणली. त्याने पानं चाळली आणि चाहुलीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"कोल्हिणींची चाहूल. तळावर इंजिनं सुरू झाली की त्या कान टवकारतात."

"चार किलोमीटरवरून?"

"तू कधी कोल्हीण होतास का?"

मला कॉफीचा ठसका लागला. कॅप्टन हसला नाही.

"गोंगाट कोणीही लिहील," तो म्हणाला. "गोंगाट व्हायच्या चार मिनिटं आधीची वेळ कोण लिहितं, ते मला हवंय. कोण कळवतं तुम्हाला? नाव सांगा, तुम्हाला त्रास होणार नाही."

"सांगितलं की. कोल्हिणी."

"ठीक आहे. तुमच्या वहीप्रमाणे एप्रिलात बहुतेक मंगळवारीच, दहा ते अकराच्या दरम्यान. आज मंगळवार." खुर्ची उचलून त्याने ती फोनशेजारी ठेवली आणि वही मांडीवर घेऊन बसला. "मी थांबतो. फोन वाजला तर मी उचलणार. तळावरचा प्रत्येक आवाज माझ्या ओळखीचा आहे."

स्वयंपाकघर एकाएकी लहान झालं. भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून तीन मिनिटं दाखवत होतं.

"कोल्हिणींना खाणं घालायची वेळ झाली," बोर्गहिल म्हणाली.

"अकरानंतर."

"मी घालून येतो की," मी म्हणालो. "मी काय, वाटेवरचा माणूस."

"बसा. कोणी बाहेर जाणार नाही."

बसलो. दाराच्या फटीतून पडवीतल्या दोन बादल्या दिसत होत्या. बोर्गहिल विस्तवाशी उभी राहून एकदा फोनकडे बघायची, एकदा खिडकीतून शेडकडे. माझ्याही डोक्यात तेच चालू होतं. फोन वाजला तर एइलिफ गेला. नाही वाजला तर पिल्लं गेली. आणि फोन वाजणार की नाही, हे ठरवणारी ती अस्वलं कुठेतरी उत्तरेच्या समुद्रावर, आम्हाला न दिसणारी.

दहा दहा. कॅप्टनने मागितली म्हणून तिने त्याला कॉफी दिली. लेफ्से, म्हणजे बटाट्याची मऊ पोळी दिली, वर तपकिरी चीज ठेवून. घरी आलेल्याला उपाशी बसवायची आमच्यात रीत नाही, तो तुरुंगात टाकायला आलेला का असेना.

दहा वीस. तिने हात एप्रनला पुसले.

"मला हान्नाला फोन करायचाय. दुकानात. मासळीची गाडी साडेदहाला निघते. पेट्या सांगितल्या नाहीत तर उद्या कोल्हे उपाशी."

कॅप्टनने विचार केला. "करा. थोडक्यात. मी ऐकतोय."

तिने नंबर फिरवला. "हान्ना. डोकी. तीन पेट्या."

चार शब्द झाले. आता ती ठेवणार. पंचवीस वर्षं ती असाच फोन ठेवत आली होती. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. ती पाठ थोडी ताठ झाली, पहिल्या प्रवेशाआधी विंगेत उभ्या असलेल्या नटाची होते तशी, आणि मला कळलं की ही आता काहीतरी करणार.

"आणि हान्ना," ती म्हणाली, "तुझी कंबर कशी आहे गं?"

हान्नाचा आवाज खोलीभर ऐकू येईल असा, पण आता काहीच येईना. जिने जन्मात कोणाची विचारपूस केली नाही, ती बोर्गहिल कंबर विचारतेय! मी मनात म्हणत होतो, हान्ना बाई, घे, वाक्य घे.

हान्नाने घेतलं. "कंबर? अगं, कंबरेचं काय विचारतेस! तुला वेळ आहे ना? तर ऐक, शनिवारी मी पिठाचं पोतं उचलायला गेले..."

मग कंबर झाली, पाद्र्याची नवी बायको झाली, तिने केलेली लेफ्से कशी चामड्यासारखी झाली ते झालं. बोर्गहिल मधूनमधून म्हणायची, "हो का? मग? आणि तिची सासू काय म्हणाली?" कॅप्टन आपल्या टिपणवहीत लिहीत होता. मी वाकून पाहिलं. 'तीन पेट्या. कंबर. सासू?' एरवी कुठल्याही दिवशी हसून मेलो असतो. त्या दिवशी माझी नजर घड्याळावरून हलत नव्हती. तिने कशासाठी काय द्यायचं ठरवलंय ते मला आता कळलं होतं. ती बोलतेय तोवर एइलिफचा फोन या घरात वाजू शकत नव्हता.

दहा अठ्ठावीस. "आटपा," कॅप्टन म्हणाला.

"हो हो. हान्ना, आणि यीस्ट आहे का?"

"कुठलं हवंय? जुनं की नवं? नव्याचं काय झालं, सांगते..."

"फोन ठेवा बाई!" तो उठला. तिने त्याच्याकडे पाठ केली, फोनची वायर खांद्यावरून गळ्याभोवती आली. त्याने हात पुढे केला.

तेवढ्यात खिडकीची तावदानं थरथरली.

आधी कपाटातल्या कपबश्या वाजल्या. मग तो आवाज आला, त्या विमानांची ती किंकाळी, लोखंडाला लोखंडाने सोलावं तशी. छपरावरून गेली. लगेच मागून दुसरं. बादल्या पडवीत भरलेल्याच होत्या. बोर्गहिल खिडकीतून शेडकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज तसाच होता.

"पाव किलो," ती म्हणाली. "जुनंच दे." आणि तिने फोन ठेवला.

दहा एकतीस. कॅप्टनने घड्याळाकडे पाहिलं, मग फोनकडे.

"फोन वाजला नाही," तो म्हणाला.

"तूच बसलायस ना शेजारी."

तो मूर्ख नव्हता. त्याची नजर हळूहळू फोनवरून तिच्यावर आली. "लाइन गुंतलेली होती," तो म्हणाला.

पण ती ऐकायला तिथे नव्हती. दोन्ही बादल्या घेऊन अंगणातून धावत होती. मी मागे.

शेडमध्ये काय होतं ते सगळं सांगत नाही. पिंजऱ्यापिंजऱ्यात कोल्हिणी गरगर फिरत होत्या आणि त्यांच्या तोंडांत काळे, मुठीएवढे गोळे होते. कुठे ते हलत होते, कुठे नाही. आम्ही डोकी टाकत सुटलो. दाराशी कोणीतरी उभं राहिलं. कॅप्टन. बूट घालायला विसरला होता, मोजे बर्फाच्या चिखलात भिजलेले.

"उभा काय राहिलास!" बोर्गहिल ओरडली. "बादली घे! डोकं जबड्याकडून धर, नाहीतर बोट जाईल!"

त्याने बादली घेतली. त्याच्यासमोर राणी होती, सात वर्षांची, वाडीतली सगळ्यात जुनी कोल्हीण. त्याने डोकं आत सारलं. राणीने वास घेतला, फिरली, पुन्हा आली. मग तोंडातलं पिल्लू सोडलं आणि माशाचं डोकं उचललं. पिल्लू गवतात पडलं, वळवळलं, चिरकलं. कॅप्टन ते बघत राहिला. पुढचं डोकं त्याने न सांगता उचललं.

सगळं शांत व्हायला अर्धा तास लागला.

"किती?" त्याने विचारलं.

"मोजून वहीत लिहीन. वही तुझ्याकडे आहे."

त्याने कोटाच्या आतून वही काढली. हाताला मासळी लागली होती म्हणून दोन बोटांनी धरून तिला दिली.

"कोल्हिणींनी आज चाहूल दिली नाही," तो म्हणाला.

"मला देतात. मी स्वयंपाकघरात होते."

त्याने बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाला, "अहवालात तसंच लिहितो मी. पण हा रकाना पुन्हा कुठे छापून येता कामा नये." आणि ओल्या मोज्यांनी बूट आणायला घराकडे गेला.

सत्तावन्न पिल्लं गेली. तिने हात धुतले, टेबलाशी बसली आणि लिहिलं. गोंगाट, दहा एकतीस. चाहुलीच्या रकान्यात आडवी रेघ.

पाचच्या सुमाराला एइलिफ लंगडत आला, तोच चिडलेला. "तीनदा फिरवला नंबर! सारखा गुंतलेला! कोणाशी एवढं बोलत होतीस?"

"हान्नाशी."

"तू? कशाबद्दल?"

"तिच्या कंबरेबद्दल."

तो हसायला लागला. मग त्याला भिंतीशी गोणपाटाने झाकलेली पेटी दिसली. मग उघडी वही. वाकून त्याने ती रेघ बघितली. मी त्याला एका वाक्यात सांगितलं की कॅप्टन टुफ्ते सकाळी फोनशेजारी बसला होता. एइलिफने टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून उभाच राहिला.

"बस," बोर्गहिल म्हणाली. "कॉफी ठेवते."

त्यानंतर अकरा वर्षं तिने कोल्हे पाळले. एइलिफ संध्याकाळच्या कॉफीला रोज येत राहिला. कोल्ह्यांचं उत्तर आलं की नाही, ते मी विचारलं नाही. ती गेल्यावर विणीच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्या मंगळवारनंतरच्या सगळ्या पानांवर चाहुलीच्या रकान्यात रेघा आहेत, एकीखाली एक, सरळ, पट्टीने ओढल्यासारख्या. अस्वलं काही यायची थांबली नव्हती. गोंगाटाचा रकाना भरलेला आहे. आणि त्याच्या शेजारी, गेलेल्या पिल्लांच्या रकान्यात: एक, शून्य, शून्य, दोन, शून्य.

हे कसं जमतं, असं कोल्हेपालकांच्या संघाने तिला कधी विचारलं नाही.