घरात भाषाच नाही

स्पीकरमधून माझा आवाज आला.

मी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर सम्यक, माझा मुलगा, साडेतीन वर्षांचा. दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं. समोर बारा-चौदा विद्यार्थी, वह्या उघडून. सम्यकला बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी लॅपटॉपवर बोट ठेवलं आणि माझ्या स्वयंपाकघरातला आवाज त्या एसीच्या खोलीत सगळ्यांनी ऐकला.

"ए बाळा, एकदा आई म्हण रे. बस एकदा. नक्को सतावू. मी मेल्यावर म्हणशील का? बोल ना रे, चुप कैकू बसलास?"

मागे कुकरची शिट्टी. मग माझं रडणं. नाक ओढण्याचा आवाजसुद्धा.

मागच्या बाकावरचा एक जण हसला. 'कैकू'ला हसला की नाक ओढण्याला, माहीत नाही. मग दोघी-तिघी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं, विद्यार्थ्यांना इंग्रजीत काहीतरी समजावलं, आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "राग मानू नका हं. पण तुमच्या घरात भाषाच नाही. धड मराठी नाही, धड उर्दू नाही, तेलुगू नाही. मुलाच्या कानात जाणार काय? कचरा."

कचरा. हाच शब्द. घरी नवऱ्याला सांगताना मी तो बदलला. 'खिचडी म्हणाल्या' असं सांगितलं.

आणि त्या खोलीत मी काय केलं? मान हलवली. "हो मॅडम" म्हटलं. हे मला त्यांच्या शब्दापेक्षा जास्त सलतं.

मी घाबरले होते. हे सरळ सांगते, कारण पुढचं सगळं त्या भीतीतूनच झालं.

सम्यकला ऐकू येत नाही, हे आम्हाला दोन वर्षं कळलं नाही. बोनालूच्या, इकडच्या देवीच्या जत्रेच्या, मिरवणुकीतले ढोल आमच्या विद्यानगरच्या गल्लीतून गेले. शेजारची लेकरं दचकून रडली, हा गाढ झोपलेला. सासूबाई म्हणाल्या, "गुणाचं लेकरू हाय माय." आम्ही सगळे त्याच्या गुणाचं कौतुक करत बसलो. मग तपासणी झाली, बहिरेपणाचा कागद हातात आला. त्या दिवसापासून एकच धास्ती. हा बोलेल का?

वाणी-श्रवण दोषांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत तेव्हा अभ्यास चालू होता. ज्या घरात तीन-चार भाषा असतात तिथल्या कमी ऐकणाऱ्या मुलांच्या कानावर काय पडतं, याचा. अभ्यासात नाव लागलं की यंत्रं मिळायची आणि दर मंगळवारी बोलायची शिकवणी. आमचं नाव लागलं. नवरा बेगम बाजारात मसाल्याच्या ठोक दुकानात माल उतरवून घ्यायचं काम बघतो. त्या दिवशी तो अंगाला मिरचीचा वास घेऊन तसाच धावत आला आणि सम्यकला उचलून नाचला. सम्यक शिंकत होता, आम्ही हसत होतो.

पहिल्या दिवशी संस्थेत मी फोनवर सासूबाईंशी बोलत होते. ते ऐकून मॅडम थांबल्या. "अय्या, मराठी का तुम्ही?" मला इतका आनंद झाला! एवढ्या परक्या इमारतीत आपली भाषा बोलणारं माणूस.

"गाव कुठलं?"

"नांदेडकडचं."

"आडनाव?"

मी सांगितलं.

"असं होय," त्या म्हणाल्या आणि खाली बघून लिहू लागल्या.

ते 'असं होय' मला ओळखीचं आहे. माझ्या वडिलांनी सरकारी नोकरीत तीस वर्षं ते ऐकलं. ते आम्हाला सांगायचे, आडनाव विचारलं की ताठ बसायचं. मी ताठ बसले नाही. अंग चोरून बसले. मला माझ्या लेकराचा आवाज हवा होता.

चार पानांचा संमतीचा कागद पुढे आला. इंग्रजीत. मी पदवीधर आहे. इथल्याच हिमायतनगर भागात दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. मला इंग्रजी वाचता येतं. तरी मी तो वाचला नाही. वाचत बसले तर यांना वाटेल, हिला शंका आहे. मग नाव कापतील. जिथं बोट ठेवलं तिथं सही केली.

त्यांनी एक छोटं जाकीट दिलं. छातीवर शिवलेला खिसा, खिशात रेकॉर्डर. महिन्यातून एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते मुलाच्या अंगात ठेवायचं. "त्याला विसरून जा, रोजच्यासारखं वागा," मॅडम म्हणाल्या. रोजच्यासारखं! मुलाच्या छातीवर सरकार बसवलं आणि म्हणे विसरून जा.

जाकिटाच्या पहिल्या दिवशी नवरा सकाळी बातम्या दिल्यासारखा बोलू लागला. "सम्यक, मी आता कामावर प्रस्थान करतो." सासूबाई तर खिशाकडे बघून पदर सावरायच्या. त्यांनी वंदना म्हटली तीही कुजबुजत. दुपारी आम्ही खरंच विसरलो. पाण्याच्या टँकरवरून सासूबाई शेजारणीशी तेलुगूत भांडल्या. त्यांचा भाऊ आला, "जयभीम" म्हणाला, चहा पिऊन गेला. मी कुकर लावला. सम्यक पायाशी बसला होता. मला भरून आलं. जे मी नवऱ्यालाही कधी म्हटलं नव्हतं ते लेकरासमोर म्हटलं, कारण तेव्हा यंत्रं काढलेली होती, त्याला ऐकू येत नव्हतं. खिशातल्याला येत होतं.

तेच वाजवलं त्यांनी. सगळ्या दिवसातलं नेमकं तेच. वर्गात वाजवणार आहोत, हे मला कोणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर हुकूम निघाला. "घरात मुलाशी कोणी बोलायचं नाही. चित्रांची कार्डं दाखवायची. शब्द आमच्याकडे शिकेल, स्वच्छ. तुमचं कानावर पडलं तर सगळी मेहनत वाया."

मी घरी येऊन सांगितलं. सासूबाई चिडल्या. "लेकराशी बोलू नगं म्हणू लालीस? आन् मी काय मुकी बसू का?"

"बसा," मी म्हटलं. "त्याचं नाव कापतील."

नाव कापतील. या दोन शब्दांनी मी घर गप्प केलं. सासूबाई नातवाला भरवायच्या आणि तोंड गच्च मिटून. नवरा दारातूनच खुणा करायचा. कधी चुकून शब्द निघाला तर आम्ही एकमेकांकडे चोरासारखे बघायचो. जाकिटाचा दिवस आला की मी टीव्ही बंद, फोन बंद, शेजारणीला दारातूनच परत. दवाखान्यात मात्र दिवसभर तीन भाषांत बोलायची. 'अम्मा, नोरु तेरवंडी', तोंड उघडा. 'चच्चा, थोडा रुको.' 'काका, डाव्या बाजूनं चावू नका.' त्याच बोलण्याचा मला पगार मिळतो. घरी येऊन चपला काढल्या की तोंडाला कुलूप. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणि बुक्क्या मारणारीही मीच.

तीन महिने.

सम्यक आधी आवाज काढायचा. 'म्म्', 'आऽ', कधी नुसतंच खिदळणं. ते कमी होत गेलं. मला वाटलं, शिकतोय, लक्ष देतोय. आधी मी समोर आले की माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. आता हाताकडे बघायचा, कार्ड आहे का म्हणून. मग तेही नाही. मी खोलीत आले तरी पाठ फिरवून बसायचा. मला रात्रंदिवस भीती की हा गप्प होत चाललाय, आणि तितकीच भीती की मी बोलले तर बिघडेल. दोन्हीकडून भीती. कोणाला विचारायचं? विचारणार ज्यांना त्यांनीच सांगितलेलं.

एका रविवारी सकाळी तो माझ्याजवळ आला. कानामागे हात नेला. एक यंत्र काढलं. मग दुसरं. आधी काढताना तो रडायचा, चिडायचा, फेकायचा. त्या दिवशी काहीच नाही. दोन्ही यंत्रं त्यानं डबीत ठेवली, झाकण लावलं, डबी माझ्या हातात दिली आणि खेळायला निघून गेला.

आमच्या घरात ऐकण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ते लेकराला कळलं, मला कळलं नव्हतं.

मी मोरीत जाऊन बसले. काय केलं मी? माझ्या हातानं काय केलं? रडायलाही आवाज येईना, इतकी सवय झाली होती.

मग उठले आणि कपाटातून तो कागद काढला. चार पानं. पहिल्यांदा वाचली. एकेक ओळ, बोट ठेवून. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, पालक अभ्यासातून केव्हाही बाहेर पडू शकतात. त्यामुळे मुलाचे उपचार थांबवले जाणार नाहीत. दिलेलं रेकॉर्डिंग पुसायला सांगू शकतात.

मॅडमना हे माहीत होतं. तो कागद त्यांनीच लिहिला होता. आणि मी तीन महिने ज्या भीतीत जगले ती भीती या एका ओळीनं संपली असती. ती ओळ माझ्या कपाटात होती. त्यांचा राग आलाच. स्वतःचा जास्त आला.

मंगळवारी गेले. तीच खोली, तेच विद्यार्थी. पिशवीतून जाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"आज हे घालणार नाही."

"का? धुतलं नाही का?" मॅडम म्हणाल्या. कोणीतरी हसलं.

आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली. "अभ्यासातून आमचं नाव काढा. तिसऱ्या पानावर लिहिलंय. शिकवणी बंद करता येत नाही, तेही लिहिलंय. आणि माझं ते रडणं पुसा. आत्ता. माझ्यासमोर."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कोणी शिकवून पाठवलं तुम्हाला? कुठल्या संघटनेत आहात?"

"मला वाचता येतं."

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "मुलाचं वाटोळं झालं तर जबाबदार कोण?"

हा घाव बसला. शिकलेलं माणूस बोलतंय, कदाचित खरं असेल, हा विचार तेव्हाही डोक्यात आला. मी सम्यककडे वळले, खाली बसले, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटलं, "सम्यक, चल बाळा, घरी जाऊ. आजी वाट बघू लालीय. नक्को घाबरू."

तो पंख्याकडे बघत होता. वळला नाही. काही झालं नाही.

"बघा," मॅडम म्हणाल्या.

"बघितलं," मी म्हटलं. "पुसा."

त्यांनी पुसलं. निदान पडद्यावरून तरी गेलं. आणखी कुठं ठेवलंय का, मला माहीत नाही. कधीतरी एखाद्या वर्गात माझी कुकरची शिट्टी पुन्हा वाजेल, असं अजून वाटतं आणि अंगावर काटा येतो.

शिकवणी त्यांनी बंद केली नाही. शेवटची वेळ दिली, सगळे थकलेले असतात ती. आम्हाला तास-तास बाहेर बाकावर बसवतात. घरात सासूबाई आता दिवसभर बोलतात, नवरा बोलतो, मी बोलते, जे तोंडाला येईल ते. सम्यक सव्वाचार वर्षांचा झालाय. यंत्रं कानात ठेवतो, कधी काढतोही. अजून एक शब्द बोललेला नाही. म्हणून भीती आहे तिथंच आहे, तिचं वजन रतीभरही कमी झालेलं नाही.

मागच्या मंगळवारी बाकावर एक नवी बाई आली. कडेवर मुलगी, हातात तोच चार पानांचा कागद. पेन शोधत होती. तिला फक्त तेलुगू येत होतं. मी तिच्या शेजारी सरकले, तिसरं पान काढलं आणि तेलुगूत समजावून सांगू लागले. शिपाई आला. "मॅडम बुला रहे तुमकू. ये सब यहां नै चलता."

सम्यकची शिकवणी आता जाणार, हेच पहिलं डोक्यात आलं.

"पान संपू दे," मी म्हटलं. "फिर आती मैं."

आणि मोठ्यानं सांगत राहिले. भीती जाईल तेव्हा बोलू, असं म्हणत बसले तर मी मरेपर्यंत मुकी राहीन. म्हणून दर मंगळवारी बोलणार. भीत भीत, मोडक्या तेलुगूत, मोडक्या मराठीत. त्या बाकावर बसलेली एकही आई यापुढे न वाचता सही करणार नाही.