लालासाहेबाचे पाय विसरत नव्हते

उंब्रजचा लालासाहेब लढाईवरून परत आला तेव्हा हात, पाय, मिशी सगळं जागच्या जागी होतं. इटलीत एका डोंगरी वळणावर त्याचा ट्रक दरीत गडगडला होता आणि डोक्याला जबर मार बसला होता. पण जखम भरली, केस उगवले, तेव्हा पलटणीने त्याला घरी धाडलं. त्याच्या बायकोने, राहीबाईने, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आत नेलं, चहा दिला. चहा पिऊन, इकडच्या तिकडच्या गप्पा मारून लालासाहेब म्हणाला, "एवढ्या लांबनं आलोय, घोटभर च्या तर दे."

राहीबाईने हसून पुन्हा दिला. जरा वेळाने तो परत म्हणाला, "च्या न्हाई का गं घरात?" तेव्हा मात्र तिचं हसू मावळलं.

लालासाहेबाचा लंगोटीयार नाथाजी त्या दोघांना घेऊन साताऱ्याला शरच्चंद्र डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी विचारलं ते ते लालासाहेबाने धडाधड सांगितलं. लहानपणी घरी असलेल्या बैलांची नावं, पलटणीतल्या खेचरांच्या खोड्या, लग्नात रुसलेल्या मामांची नावं, तीही रुसण्याच्या कारणांसकट. नाथाजी म्हणाला, "डागदरसायब, ह्याला तर माझ्यापरीस जास्त ध्यानात हाय!"

मग डॉक्टरांनी तीन शब्द दिले. "आंबा, विहीर, घोंगडी. तोंडात घोळवत राहा."

लालासाहेब शहाण्या पोरासारखा घोकत बसला. आंबा, विहीर, घोंगडी. आंबा, विहीर, घोंगडी. इतक्यात आतल्या खोलीत कंपाउंडरच्या हातून घमेलं पडलं.

"काय पडलं?" लालासाहेबाने मान वळवली.

"घमेलं. बरं, शब्द कोणते होते?"

"कसले शब्द?"

डॉक्टर राहीबाईकडे वळले. "आठवणीला दोन जागा असतात, बाई. आल्यागेल्याला आपण आधी ओसरीवर टेकवतो, तशी नवी गोष्ट आधी ओसरीवर बसते. घोकत राहिलं तोवर बसून राहते, लक्ष उडालं की उठून जाते. एखादी आत माजघरात शिरते, ती मात्र मुक्कामालाच राहते. यांचं माजघर जुन्या सामानाने भरलेलं आहे, ओसरीही चांगली आहे. मधलं दार तेवढं अडकलंय."

"मग उघडायचं कवा?"

"ते मला सांगता येत नाही. पण हातापायांचं शिकणं वेगळ्या वाटेने होतं. त्यांना बसवून ठेवू नका."

राहीबाई परतीच्या वाटेवर रडली. नाथाजी तिची समजूत घालत होता, आणि ही का रडतेय म्हणून लालासाहेब पुन्हा पुन्हा काळजीने विचारत होता.

पण दिवस काढायचे म्हटले की त्यातही गंमत सापडते. नाथाजीला आयुष्यात एकच गोष्ट रंगवून सांगता यायची, मामलेदाराच्या घोड्याने मामलेदाराचं पागोटं खाल्लं ती. तो तोंड उघडायच्या आत गाव पांगायचं. आता त्याला हक्काचा श्रोता मिळाला. रोज सकाळी नाथाजी घोडा सोडायचा आणि लालासाहेब डोळ्यांत पाणी येईतो हसायचा. "आयला, पागोटं? ह्ये कवा रं झालं?" पुढेपुढे मात्र असं व्हायला लागलं की घोड्याचं नाव निघताच लालासाहेबाला हसू फुटायचं.

"आरं, पागोटं अजून यायचंय! आत्ताच का हसतूस?"

"काय की गड्या. हसू येतंय खरं."

त्या साली नाथाजी हळद घेऊन सांगलीला गेला आणि येताना जुनी सायकल घेऊन आला. दोघे मिळून शिकायला लागले. दोघेही सारखेच पडले, गुडघे सारखेच फुटले. फरक एवढाच, की नाथाजीला प्रत्येक पडणं लख्ख आठवायचं. बाभळीच्या वळणाला तो आधीच थरथरायचा, आणि थरथरला की पडायचाच. लालासाहेबाला काही आठवायचं नाही. तो रोज नव्या उमेदीने टांग टाकायचा. पंधरवड्यात तो वाऱ्यासारखा सायकल हाणायला लागला, नाथाजी मात्र ती हाताने ढकलत न्यायचा.

"लाला, जरा सायकल चालवून दाव की."

"मी? उभ्या जन्मात हात लावला न्हाई रं त्या यंत्राला!"

"बस तर खरं."

लालासाहेब भीतभीत बसायचा, आणि पाय आपलं काम करायला लागायचे. वेशीपाशी त्याचा आनंदाचा आरडाओरडा ऐकू यायचा. "नाथा, आरं जमतंय की मला!"

पुढे राहीबाईला दिवस गेले, आणि बघता बघता भरलेही. एका दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा नाथाजी सांगलीला गेलेला होता, जवळ फक्त शेजारची जाऊ. सुईण बनुमावशी पलीकडच्या वस्तीवर राहायची. राहीबाईने नवऱ्याचा हात घट्ट धरला. "आवं, नाथाभावजींची सायकल काढा. ‘पोट दुखतंय, बनुमावशीला आणा’ असं म्हणत जावा. तोंडातनं अजाबात सोडू नगा."

लालासाहेब निघाला. सायकल येत नाही असं म्हणायलाही त्याला सवड नव्हती. "पोट दुखतंय, बनुमावशीला आणा! पोट दुखतंय, बनुमावशीला आणा!" ओढा गेला, मळा गेला. माळावर सिद्धू धनगर मेंढरं राखत होता. त्याने ते ऐकलं आणि कळवळून हाक मारली, "लय दुखतंय का, लाला? वाईच ओवा चाव की!"

"कुनाचं दुखतंय?" म्हणत लालासाहेबाने ब्रेक दाबला, आणि ओसरी रिकामी झाली.

"मग निघालास कुटं?"

लालासाहेबाने वाटेकडे पाहिलं. ही वाट त्याला पोरवयापासून ठाऊक होती. "ही वाट तर बनुमावशीकडंच जाती. तिकडंच निघालो असंन."

मावशीने त्याला ताक दिलं. "आज इकडं कसा रं?"

"सहज."

"सहज?" मावशीने घामाने चिंब झालेल्या त्या गड्याकडे निरखून पाहिलं. "बाप्या मानूस सुइणीकडं सहज येत न्हाई, लेकरा. राहीचे दिस भरलं व्हय?" असं म्हणून तिने गाठोडं उचललंसुद्धा. "चल, बसते मागं. तुला नीट येती न्हवं सायकल?"

"मला न्हाई येत," लालासाहेब प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग आलास कशावर, मुडद्या?"

"त्येच मलाबी कळंना, मावशी."

मावशीने कपाळाला हात लावला, पण बसली. वाटभर तिने एका हाताने त्याचा सदरा धरला, दुसऱ्याने गाठोडं, आणि तोंडाने सगळे देव. शिवाय दर थोड्या वेळाने ती त्याला ओरडून सांगत होती, "थांबू नगंस! तुझी बायकू बाळतीन हुतीया!" दर वेळी लालासाहेब आनंदाने दचकायचा आणि जोरात पायडल मारायचा.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. तिचं नाव उमा ठेवलं.

तेव्हापासून रोज सकाळी लालासाहेब पाळण्यात डोकावून विचारायचा, "ही कुनाची पोर?" राहीबाई चुलीपुढून सांगायची, "तुमची." त्याला ती आत्ताच झाल्यासारखा आनंद व्हायचा, आणि तो शेजारीपाजारी गूळ वाटायला निघायचा. शेजारी रोज गूळ खायचे. कुणी मोडता घातला नाही. पुढे इंग्रज गेल्याची बातमीही गावात चार दिवसांत शिळी झाली, लालासाहेबाला मात्र ती कुणीही केव्हाही सांगावी आणि त्याने पटका आभाळात उडवावा!

उमा पळायला लागली तेव्हाची गोष्ट. उंब्रजच्या बाजारात राहीबाई मिरच्या घेत होती. लालासाहेब बरोबर आला होता, पण गर्दीत कुठेतरी रेंगाळला होता. तेवढ्यात पोरीने हात सोडला आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. राहीबाई हाका मारत मसाल्याच्या, भांड्यांच्या, बांगड्यांच्या पालांमधून धावली. बाजाराच्या कडेला चिंचेखाली तिला लालासाहेब दिसला. उमा त्याच्या खांद्यावर बसून त्याचा पटका सोडत होती, आणि एक अनोळखी कासार त्याला दरडावून विचारत होता.

"कुनाची पोर घिऊन निघालाय? नाव काय हिचं?"

लालासाहेबाने आठवून पाहिलं. नाव काही येईना. त्याने पोरीचे दोन्ही पाय छातीशी घट्ट धरले. "नाव नगा इचारू. पर पोर माझी हाय."

"कशावरनं?"

"आता कशावरनं म्हणजे? हाय!"

राहीबाई तिथेच उभी राहिली. आज सकाळी तिने त्याला सांगितलं होतं, पण ते केव्हाच पुसलं गेलं असणार, हे तिला ठाऊक होतं. ती पुढे झाली आणि कासाराला म्हणाली, "त्येंचीच हाय. बांगड्या दावा, पोरीच्या मापाच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेबाने पोरीला उचलून घेतलं, मुका घेतला आणि चुलीकडे तोंड करून विचारलं, "अगं, ही कुनाची?" राहीबाईने भाकरी थापता थापता सांगितलं. मग तो गूळ शोधायला लागला.