रगत नाही तं गाडी नाही

डोंगरावरून सायकल खाली सोडणं हा परदेशात खेळ आहे, हे मला फार उशिरा कळलं. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा आमच्याकडे हा उद्योग एकच माणूस करायचा, आणि तो माझा धाकटा दीर होता. भंडारा जिल्ह्यात नाकाडोंगरीच्या अलीकडे आमचं गाव, गावामागे टेकडी. सायकलीचं मडगार्ड, कॅरिअर, घंटी सगळं उतरवून, ती खांद्यावर टाकून हा वर चढायचा आणि मोळ्या आणायच्या पायवाटेनं दगडधोंड्यांतून खाली सुटायचा. ब्रेक होते, पण ते दाबणं त्याला अपमान वाटे.

एरवी तो गावाचा लाडका होता. धान कापून झालं की गावात नाटक बसायचं आणि त्यात हसवायचं काम त्याचंच. त्या वर्षी त्याच्याकडे विसरभोळ्या सासऱ्याचं काम आलं होतं. तेच तेच विचारून जावयाला भंडावून सोडणारा सासरा. तालीम माझ्या चुलीपुढे चाले. वाक्य टाकायचं, थांबायचं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं, वैनी हसल्या का. मी मेले तरी हसत नसे. हसले की लगेच चहा मागायचा.

त्या दुपारी खळ्यावर आमची मळणी, म्हणजे धान चुरणं, चाललं होतं. बैल फिरत होते, आम्ही बाया तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, झाडत होतो आणि हा ‘आलोच’ म्हणून सटकला होता. टेकडीवरून आरोळी ऐकू आली. मग सायकल दिसली, आणि तिच्यामागून हा, वेगळा. धावत जाऊन पाहतो तर खडकापाशी आपला आपण उठून बसलेला. पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं. कानामागे टेंगूळ आलं होतं, पण अंगावर रक्ताचा थेंब नव्हता.

“जित्याची खोड मेल्याशिवाय...” सासूबाई बोलायला लागल्या आणि जीभ चावून थांबल्या.

आता प्रश्न गाडीचा. दोन कोसांवरच्या खाणीत दवाखाना होता, त्याची एक गाडी होती. खरं तर ती खाणीच्या माणसांसाठी, पण जिवावरचं असेल तर आम्हालाही यायची. आदल्या वर्षी साप चावला म्हणून आम्ही ती बोलावली आणि साप निघाला बोरीचा काटा. गाडीवरच्या कंपाउंडरनं भर चौकात गावाची अशी काही पूजा बांधली की विचारू नका. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्यांत आपली गणना नको, म्हणून वडीलधाऱ्यांनी नियमच करून टाकला: रगत नाही तं गाडी नाही. खरं सांगते, मलाही तो नियम शहाणपणाचा वाटला होता.

दिराला उचलून खळ्यावर आणलं, पुंजण्याला टेकवून बसवलं. रचलेल्या धानाच्या त्या ढिगाला टेकून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“वैनी, धान झाला का जी चुरून?”

“होऊन राहिला. तुम्ही पानी प्या.”

पाणी प्याला. भांडं खाली ठेवलं.

“वैनी, धान झाला का जी चुरून?”

खळ्यावर हशा पिकला. एकाची तर हसून मुरकुंडी वळली. “अरे, सासरा आला ना बाप्पा! पडला तरी तालीम सोडत नाही!” माझे यजमानही हसले. त्यांच्या जिवात जीव आला असावा.

मीही हसणारच होते. तेवढ्यात त्यानं तिसऱ्यांदा तेच विचारलं, त्याच सुरात. आणि मला दिसलं की तो कोणाकडे बघत नाहीये. एवढी माणसं हसतायत आणि हा डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदाही बघत नाही! लोक हसले की फुलणारा माणूस तो.

मी यजमानांना बाजूला घेतलं. “खाणीतून गाडी बोलवा.”

“काहून? रगत कुठी आहे?”

“आतमंदी असन तं?”

“अन् काही नाही निघालं तं? लोक काय म्हणतीन?”

लोक काय म्हणतील ते मला पाठ होतं. माझं माहेर कोंढ्याचं, पार पवनीकडचं. तिकडची सून भित्री, रडवी, हे ऐकून ऐकून कान किटले होते. पण आज चूक ठरले तर गाव वर्षभर हसेल, आणि गप्प बसले तर हा माणूस हातचा जाईल. हसण्यानं कोणी मरत नाही.

“म्हनू द्या,” मी म्हटलं. “माह्यं नाव सांगा. पन जा.”

सासूबाईंनी आमचं बोलणं ऐकलं असावं. “जाय ना रे,” त्या मुलावर एकदम ओरडल्या, “बायको सांगून राहिली ना!” लग्नानंतर त्यांनी माझी बाजू घेतली ती ही पहिलीच वेळ. यजमान कोणाची तरी सायकल घेऊन निघाले.

गाडी आली. तोच कंपाउंडर उतरला, कपाळावर आठ्या घालूनच. “रक्त कुठं आहे?” म्हणाला. मग दिरापुढे उकिडवा बसून त्यानं विचारलं, “काय हो, आज वार कोणता?”

दीर माझ्याकडे वळला. “वैनी, धान झाला का जी चुरून?”

या वेळी कोणीच हसलं नाही. कंपाउंडर उठला. “उचला यांना. अन् आणखी लवकर काहून नाही बोलावलं जी?”

गाडीनं थेट भंडाऱ्याला नेलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार आहे, आत सूज असेल, वाट पाहायची. यजमान बाहेर बाकावर आणि मी खाटेशी. खळ्यावरच्याच लुगड्यात होते मी.

सकाळी त्यानं डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“वैनी, डोक्यात तणीस आहे तुमच्या. बैल मांगं लागन.”

कितीतरी वर्षांत इतका भिकार विनोद त्यानं केला नव्हता. मी हमसून हमसून रडायला लागले. शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. तो बिचारा घाबरला.

“वैनी, रडन्याइतका काही वाईट नवता जी!”

वाईट झालं तर घरी जाऊन सासूबाईंना कसं सांगायचं, पहिला शब्द कोणता काढायचा, हेच मी रात्रभर मनात जुळवत बसले होते. आता त्यातलं काहीच सांगावं लागणार नव्हतं.